परवडणारे कार्ड कोणाला परवडले?

कूटचलनाच्या ‘उत्खनना’साठी कोणते ग्राफिक्स कार्ड घ्यावे, असा प्रश्न आपल्या घरांतील तरुण अजूनही विचारतात. (‘मायनिंग’ला हा शब्द योजताना अनुवादक म्हणून मला संकोच वाटतो. धनबादच्या वा चंद्रपूरच्या खाणकामगाराच्या श्रमाशी त्याचे काही नाते नाही. येथे यंत्र रात्रंदिवस आकडे आजमावीत बसते आणि ज्याचा आकडा जुळेल त्याला नवी नाणी मिळतात.) प्रश्न हसून उडवून लावण्याजोगा नाही, त्यात पुष्कळदा कर्जाऊ पैसा गुंततो.

हिशेबाची रीत साधी आहे: किंमत किती, वेग किती, वीज किती. २०२१ साली इथेरियमसाठी आरटीएक्स ३०६० टीआय या कार्डाचा बोलबाला झाला, तो उगीच नव्हे. ३९९ डॉलर जाहीर किमतीचे हे कार्ड नीट जुळवून घेतल्यास सुमारे १२० वॅटमध्ये सेकंदाला सहा कोटी हॅश काढी. ६९९ डॉलरचे आरटीएक्स ३०८० सुमारे २२० वॅट खाऊन दहा कोटींच्या आसपास पोहोचे. डॉलरमागे आणि वॅटमागेही धाकटेच सरस! परंतु १२० वॅटची सहा कार्डे अखंड चालली, तर महिन्याला पाचशेहून अधिक युनिट जळतात, आणि आपल्याकडे घरगुती विजेचा दर वापराबरोबर चढत जातो.

खरा घोटाळा याहून खोल आहे. नाणी वाटली जातात ती एकूण वेगातील ज्याच्या त्याच्या हिश्शाप्रमाणे. हजारोंनी तेच किफायतशीर कार्ड घेतले की प्रत्येकाचा हिस्सा आटतो. भिवंडी-इचलकरंजीच्या छोट्या यंत्रमागधारकाला हे समजावून सांगावे लागणार नाही. माग वाढले की त्याची मजुरी पडते. माग विकणाऱ्याचे पैसे मात्र आधीच वसूल झालेले असतात.

शिवाय नियम ठरविणारे हात दुसरेच. इथेरियमला लागणारी विदासंचिका फुगत ४ जीबीपलीकडे गेली आणि २०२० च्या अखेरीस तेवढ्या स्मृतीची कार्डे त्या कामातून बाद झाली. फेब्रुवारी २०२१ मध्ये एनव्हिडियाने आरटीएक्स ३०६० चा उत्खननवेग निम्म्यावर आणीत असल्याचे जाहीर केले आणि त्याच घोषणेत उत्खननासाठी सीएमपी नावाची वेगळी कार्डे पुढे केली. त्यांना पडदा जोडण्याची सोयच नव्हती. म्हणजे धंदा बुडाल्यावर ती जुन्या बाजारात खेळांच्या शौकिनांना विकताही येऊ नयेत! पुढे १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने उत्खननाची पद्धतच मोडीत काढली. त्याच वर्षी मे महिन्यात, उत्खननामुळे वाढलेल्या विक्रीची माहिती गुंतवणूकदारांना पुरेशी दिली नाही म्हणून एनव्हिडियाने अमेरिकी रोखे आयोगाला ५५ लाख डॉलर दंड भरला होता. भागधारकांच्या तक्रारीची निदान नोंद झाली. कार्डे घेऊन बसलेल्यांची दखल कोणी घेतली?

भारतात तर आणखी एक पाचर आहे. १ एप्रिल २०२२ पासून आभासी मालमत्तेच्या हस्तांतरणातील उत्पन्नावर ३० टक्के कर लागला आणि उत्खननाच्या यंत्रसामग्रीचा खर्च संपादनखर्च म्हणून वजा करता येणार नाही, असे सरकारने त्याच मार्चमध्ये लोकसभेत स्पष्ट केले.

आज उरलेल्या लहानसहान नाण्यांतून घरगुती दराच्या विजेचेही पैसे सहसा सुटत नाहीत. जुन्या बाजारात ३०६० टीआय दिसलेच, तर चित्रफितींच्या संकलनासाठी किंवा अभ्यासासाठी खुशाल घ्यावे. मात्र आधी ते तासभर चालवून पंखे घरघरत नाहीत ना, हे पाहावे.