बारशाआधी थोडं भांडूया

आपल्या शनिवारच्या श्रवणगटाला दोन वर्षं झाली तरी नाव नाही. कुणी ‘झूमवरचं गाणं’ म्हणतं, कुणी नुसतंच ‘शनिवार’. आता समितीने चौदा नावांची यादी पाठवली आहे. नोव्हेंबरच्या सभेत प्रत्येकाने एकावर खूण करायची आणि ज्याला जास्त मतं ते नाव लागू. मी अशी खूण करणार नाही. का, ते सांगायला हा लेख.

चौदापैकी नऊ नावं ‘स्वर’ किंवा ‘सूर’ने सुरू होतात. ‘नाद’ दोनदा आहे, शिवाय गुंजन, झंकार आणि मैफल. एकही नाव वाईट नाही. पण यातलं कुठलंही नाव कुठल्याही गाण्याच्या क्लासला, सुगम संगीताच्या वाद्यवृंदाला, पुण्यातल्या एखाद्या सोसायटीलासुद्धा लावता येईल. आमच्या लग्नातल्या बँडचं नाव झंकारच होतं. शिवाय इथली आपली मुलं रोमन लिपीत वाचतात, त्यामुळे ‘स्वर’चा हमखास ‘स्वार’ होतो. यादीतली निम्मी नावं त्यांच्या तोंडी घोड्यावर बसतील.

जुन्या लोकांनी नावं कशी ठेवली ते पाहा. 1874 साली पुण्यात स्थापन झालेली संस्था ‘पूना गायन समाज’: गाव कुठलं, काम काय, झालं नाव. कोल्हापूरचा 1883चा देवल क्लब तर बाबा देवलांच्या आडनावापुढे सरळ इंग्रजी ‘क्लब’ जोडून मोकळा झाला, आणि आज त्यात कुणाला काही विचित्र वाटत नाही. विष्णु दिगंबर पलुसकरांनी 5 मे 1901 रोजी लाहोरात ‘गांधर्व महाविद्यालय’ काढलं. त्या नावातला ‘गांधर्व’ शोभेचा म्हणा हवं तर, पण ‘महाविद्यालय’ हा शब्द त्या काळी आव्हान होता. गाणं गुरूच्या घरी राहून, त्याची मर्जी सांभाळून शिकायचं असतं अशी रीत असताना पलुसकर म्हणत होते की इथे फी भरा, वर्गात बसा, शिका. संस्थेचं सगळं धोरण त्या एका शब्दात होतं. आपल्या यादीतल्या एका तरी नावातून आपण शनिवारी नक्की काय करतो ते कळतं का?

यादी करताना ‘मेलबर्न’ असलेली नावं आधीच वगळली, असं ऐकतो. कारण पर्थ आणि ॲडलेडची मंडळीही येतात, पुण्याहून काहींचे आईवडील बसतात. मग एकाच गावाचं नाव कसं? हे कारण मला पटत नाही. किराणा घराण्याचं नाव उत्तर प्रदेशातल्या कैराना गावावरून पडलं. अब्दुल करीम खाँ स्थायिक झाले मिरजेला, शिष्य सवाई गंधर्व कुंदगोळचे, त्यांचे शिष्य भीमसेन गदगचे. गावाच्या नावाने यांतल्या कुणाची वाट अडली नाही. मेलबर्न हवंच असा माझा हट्ट नाही. पण ते का नको हे सगळ्यांसमोर बोलून ठरायला हवं होतं.

आणि सवाईवरून आठवलं. भीमसेनजींनी 1953 साली गुरूच्या स्मरणार्थ सुरू केलेल्या महोत्सवाचं आजचं अधिकृत नाव ‘सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव’ आहे. लोक विचारतात, “सवाईला येतोयस ना?” कागदावर काहीही असो, तोंडात बसतं तेच नाव टिकतं. मतपत्रिकेवर आपण नाव डोळ्यांनी वाचतो. ते हाक मारायला कसं लागतं, हे बोलतानाच कळतं.

मतदान लोकशाहीचं आहे, मान्य. खजिनदार जरूर मतदानाने निवडा. पण चौदा नावांत मतं विभागली की पाचसात मतांचं नावही जिंकतं, आणि बाकीचे पुढची दहा वर्षं ते नाव घेताना किंचित तोंड वाकडं करतात. बारशाला आत्या बाळाच्या कानात एकच नाव सांगते, पण त्याआधी महिनाभर घरात वादावादी झालेली असते. तिथे कुणी हात वर करायला लावत नाही. आणि आपलं बारसं उशिरा होतंय हे तर बरंच आहे. बाळ आता दोन वर्षांचं झालं, त्याच्या खोडी आपल्याला ठाऊक आहेत.

सगळ्यांत मोठी खोड वेळेची. हिवाळ्यात आपण रात्री आठला यमन लावतो, तेव्हा पर्थला सहा, म्हणजे मारवा-पूरियाची वेळ, आणि पुण्यात साडेतीन, म्हणजे भीमपलासीची. ऑक्टोबरात आपली घड्याळं तासाने पुढे सरकली की पुण्यात अडीच. तिथे तर वामकुक्षीचीच वेळ. राग कुणाच्या घड्याळाप्रमाणे लावायचा यावर आपण एक अख्खा शनिवार भांडलो आहोत. कर्नाटक संगीतात वेळेचं बंधन इतकं पाळत नाहीत, त्यामुळे आपल्या गटातल्या तमिळ दांपत्याची त्या दिवशी छान करमणूक झाली. शेवटी पुण्याहून बसलेल्या एक काकू वैतागून म्हणाल्या, “तुमचं सगळं अवेळीच!” त्यावर कुणीतरी लगेच म्हणालं, “मग ‘अवेळ’च ठेवा नाव.” सगळे हसले आणि विषय तिथेच राहिला. यादीत ते नाव आलं नाही, कारण ते कुणी रीतसर सुचवलं नव्हतं.

‘अवेळ’वर आक्षेप आहेत, मला माहीत आहेत. शब्द अशुभ वाटतो, अवेळी पाऊस म्हणजे पिकाची नासाडी. एका ज्येष्ठ सभासदांनी तर मला फोनवर सांगितलं की शुभकार्याला ‘अ’ने सुरुवात नको. मी ‘अभंग’ म्हणालो, ते ‘अमंगळ’ म्हणाले, आणि अर्धा तास छान गेला. त्यांचं म्हणणं मला सगळं पटलं नाही, पण शब्दाला काय काय चिकटलेलं असतं ते त्या अर्ध्या तासात कळलं. ‘अवेळ’ कदाचित टिकणार नाही. तरी जे नाव टिकेल ते अशाच बोलण्यातून निघेल, असं मला वाटतं.

सभेच्या विषयपत्रिकेवर पाचवा विषय ‘नावासाठी मतदान’ असा आहे. तो बदलून ‘नावावर चर्चा’ असा करावा, अशी लेखी सूचना मी सचिवांना दिली आहे. अनुमोदक अजून मिळालेला नाही. सभा रविवारी सकाळी अकराला आहे. पुण्यात तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजलेले असतील. त्या काकूंना मताचा अधिकार नाही, तरी आपण उठून बसणार आहोत असं त्यांनी कळवलं आहे.