गाळातील एक पेशी

महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावलेली सावित्री नदी पोलादपूरवरून महाडला येते. २२ जुलै २०२१ रोजी तिच्या पुराने महाडची बाजारपेठ पाण्याखाली गेली. पूर ओसरला की व्यापारी कुटुंबाचे पहिले काम म्हणजे दुकानातील चिखल उपसणे आणि वाचेल तेवढा माल वाचवणे. त्या घाईत पायाला पडलेल्या ओरखड्याकडे कोण पाहतो? परंतु अशा गाळात लेप्टोस्पायरा नावाचा जिवाणू असू शकतो आणि त्याला आत शिरण्यास तेवढी वाट पुरते.

या पिळदार जिवाणूचे सारे शरीर एकाच पेशीचे असते. त्याची लांबी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास, आणि जाडी त्याहूनही कितीतरी कमी. त्याच्या पेशीत केंद्रक नसते. अन्न घेणे, हालणे, दुभंगून एकाचे दोन होणे, ही सर्व कामे ती एकच पेशी करते. एकटा फेरीवाला खरेदी, वाहतूक, विक्री आणि हिशेब स्वतःच सांभाळतो, तसे.

मनुष्यदेह मात्र मोठ्या पेढीसारखा आहे. त्यात सुमारे ३७ लाख कोटी पेशी असून प्रत्येकीचे काम ठरलेले असते. समान कार्य करणाऱ्या पेशींची ऊती बनते, ऊतींचा अवयव, अवयवांची संस्था आणि संस्थांचे मिळून शरीर. एका मूत्रपिंडात रक्त गाळणाऱ्या सुमारे दहा लाख सूक्ष्म नलिका असतात. दोन मूत्रपिंडे, मूत्रवाहिन्या आणि मूत्राशय मिळून उत्सर्जन संस्था होते.

लेप्टोस्पायरा उंदराच्या मूत्रपिंडात राहतो आणि त्याच्या मूत्रावाटे पुराच्या पाण्यात मिसळतो. त्वचेच्या एकमेकींना चिकटलेल्या पेशींचा थर अखंड असेल, तर त्याला सहसा प्रवेश मिळत नाही. ओरखड्यातून तो रक्तात गेला की रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तराच्या पेशींना इजा करतो, पुढे यकृत व मूत्रपिंड गाठतो. प्रथम ताप, डोकेदुखी, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे. रोग बळावला तर कावीळ होते, लघवी कमी होते. पेशींत सुरू झालेला बिघाड असा अवयवापर्यंत आणि अखेर प्राणापर्यंत पोहोचतो.

पेशीच्या रचनेतच यावरील उपायही आहे. जिवाणूच्या पेशीभोवती भित्तिका असते. माणसाच्या पेशीला ती नसते. पेनिसिलिन नेमके त्या भित्तिकेच्या बांधणीवर आघात करते, म्हणून जिवाणू मरतो आणि आपली पेशी वाचते. मात्र हे औषध अवयव निकामी होण्यापूर्वी मिळाले पाहिजे.

अडचण येथेच आहे. लक्षणे बहुधा पाच ते चौदा दिवसांनी, क्वचित महिन्यानेही दिसतात. तोवर दुकान धुऊन झालेले असते आणि ताप साधा वाटतो. अशा वेळी ‘पुराच्या पाण्यात काम केले होते’ हे एक वाक्य वैद्यांना आवर्जून सांगावे. गाळ उपसताना गमबूट व हातमोजे घालावेत, जखम झाकावी. पिण्याचे पाणी केवळ गाळून पुरत नाही, कारण इतका बारीक जीव कापडातून सहज निसटतो, ते उकळावेच. माल पुन्हा भरता येतो. निकामी झालेले मूत्रपिंड पुन्हा उभे करणे तितके सोपे नसते.