विश्लेषण : हिपॅटायटिस ‘सी’ बरा करताना ‘बी’ का जागा होतो? नांदेड-लातूरच्या रुग्णांना एकच खिडकी हवी, ती का?

हिपॅटायटिस ‘सी’ आता बहुतेक रुग्णांमध्ये १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि औषधे मोफत आहेत. पण त्याच रुग्णाला ‘बी’ किंवा एचआयव्हीचीही लागण असेल, तर हा सोपा उपचार जपून करावा लागतो. मराठवाड्यात नेमकी याच ठिकाणी साखळी तुटण्याची भीती आहे.

सहसंसर्ग म्हणजे काय?

एकाच व्यक्तीला एकाच वेळी दोन किंवा अधिक विषाणूंची लागण असणे म्हणजे सहसंसर्ग. ‘बी’, ‘सी’ आणि एचआयव्ही यांच्या वाटा बऱ्याच अंशी सारख्या आहेत. दूषित सुई, निर्जंतुक न केलेली साधने, असुरक्षित शरीरसंबंध आणि आईकडून बाळाला होणारी लागण या त्या वाटा. २००९ मध्ये गुजरातमधील मोडासा येथे ‘बी’ची मोठी साथ आली होती. वापरलेल्या सुया-सिरिंज पुन्हा वापरणे हे तिचे कारण ठरले. त्यामुळे एक विषाणू सापडला की दुसरा शोधणे आवश्यक ठरते. दोन्ही एकत्र असतील तर सिऱ्हॉसिस, म्हणजे यकृत कडक होऊन निकामी होत जाणे, लवकर होते आणि यकृताच्या कर्करोगाचा धोकाही वाढतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये भारतात ‘बी’चे सुमारे २.९८ कोटी आणि ‘सी’चे ५५ लाख रुग्ण होते. यातील अनेकांना आपल्याला लागण झाल्याचे माहीतच नाही, कारण दोन्ही आजार वर्षानुवर्षे लक्षणांशिवाय राहू शकतात.

‘सी’च्या उपचारात ‘बी’ का डोके वर काढतो?

दोन्ही विषाणू एकाच यकृतात असतात तेव्हा बहुधा ‘सी’ वरचढ ठरतो आणि ‘बी’ दबून राहतो. सोफोसबुवीर-डॅक्लाटास्वीरसारख्या गोळ्या ‘सी’ला संपवतात, ‘बी’वर मात्र त्यांचा परिणाम होत नाही. दाब निघून गेला की ‘बी’ वेगाने वाढू शकतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑक्टोबर २०१६ मध्ये या औषधांवर ठळक इशारा छापणे बंधनकारक केले. तोवर अशी २४ प्रकरणे नोंदली गेली होती. त्यातील दोघांचा मृत्यू झाला आणि एकाला यकृत प्रत्यारोपण करावे लागले.

म्हणून ‘सी’चे औषध टाळायचे का? अजिबात नाही. ते सुरू करण्याआधी ‘बी’ची तपासणी करायची, एवढाच याचा अर्थ. ‘बी’ आढळला आणि त्यालाही उपचारांची गरज असेल, तर टेनोफोवीर किंवा एन्टेकावीर सुरू केले जाते. तशी गरज नसली, तरी ‘सी’चा कोर्स संपल्यावर किमान १२ आठवड्यांपर्यंत संरक्षण म्हणून ही औषधे देण्याचा विचार डॉक्टर करतात आणि यकृताच्या चाचण्या करत राहतात. ‘सी’ शरीरातून पूर्ण जाऊ शकतो. ‘बी’ पेशीच्या केंद्रकात आपली प्रत ठेवून बसतो, त्यामुळे त्याच्या गोळ्या बहुधा दीर्घकाळ घ्याव्या लागतात.

एचआयव्ही किंवा क्षयरोग असेल तर?

एचआयव्हीसाठी सरकारी एआरटी केंद्रात दिल्या जाणाऱ्या नेहमीच्या गोळीत टेनोफोवीर आणि लॅमिवुडीन असतात. ही दोन्ही औषधे ‘बी’लाही रोखतात. म्हणजे एक गोळी दोन आजार सांभाळते. पण तीच गोळी मनाने बंद केली किंवा ‘बी’चा विचार न करता बदलली, तर यकृताला अचानक मोठी सूज येऊ शकते. क्षयरोगातील रिफाम्पिसीन हे औषध सोफोसबुवीरचा परिणाम घटवते, म्हणून ती दोन्ही एकत्र देत नाहीत. घेत असलेली सगळी औषधे प्रत्येक डॉक्टरला दाखवणे हा इथे उपचाराचाच भाग आहे.

नांदेड-लातूरमध्ये अडचण कुठे आहे?

पहिली अडचण ‘कावीळ’ या शब्दाची. गावात सगळ्या यकृतविकारांना हे एकच नाव आहे. दूषित पाण्यातून होणारी ‘ए’ कावीळ बहुतेकांची आपोआप बरी होते आणि श्रेय माळ बांधणाऱ्याला, हातावर चुना चोळून ‘कावीळ उतरवणाऱ्या’ला जाते. ‘बी’ आणि ‘सी’ मात्र डोळे पिवळे झाले नाहीत तरी आत काम करत राहतात. डोळ्यांचा रंग निवळला म्हणजे आजार गेला, हा समज म्हणूनच महागात पडतो.

दुसरी अडचण अंतराची. किनवटहून नांदेड शंभरहून अधिक किलोमीटरवर आहे. एका दिवशी एआरटी केंद्र, दुसऱ्या दिवशी यकृताची तपासणी, तिसऱ्या दिवशी अहवाल, असे केले तर मजुरी बुडते आणि रुग्ण मध्येच गळतो. मुखेड, कंधार, जळकोट भागातील ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे निघतात आणि अनेक महिने बाहेर राहतात. रोजच्या गोळीत खंड पडायला एवढे पुरेसे आहे.

काय व्हायला हवे?

नांदेडमध्ये डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरमध्ये विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. औषधेही मोफत आहेत. त्यामुळे आता गरज आहे ती जोडणीची. ‘बी’, ‘सी’ आणि एचआयव्ही या तिन्हींसाठी एकाच वेळी रक्त घ्यावे, रुग्णाची एकच फाइल असावी आणि औषधांची तारीखही एकच असावी. प्रकृती स्थिर असलेल्या स्थलांतरित रुग्णांना काही महिन्यांच्या गोळ्या एकदम द्याव्यात आणि कारखान्याजवळच्या केंद्राचा पत्ता लिहून द्यावा.

ओपीडीत आधीच गर्दी असते, हा आक्षेप खरा आहे. पण ‘बी’ची प्राथमिक जलद चाचणी थोड्याशा रक्तावर, अर्ध्या तासाच्या आत होते. ती न केल्यामुळे यकृत निकामी होऊन दाखल झालेला रुग्ण व्यवस्थेला कितीतरी जड जातो.

बाळाला जन्मानंतर २४ तासांच्या आत ‘बी’ची लस आणि पुढे ६, १०, १४ आठवड्यांना पेंटाव्हॅलंट लस दिली, तर पुढच्या पिढीत हा पेच बराच कमी होईल. आज ज्यांना लागण आहे, त्यांनी मात्र ‘सी’ची गोळी हातात घेण्याआधी एक प्रश्न जरूर विचारावा : माझी ‘बी’ची तपासणी झाली आहे का? हा प्रश्न रुग्णाला विचारावा लागू नये, ही जबाबदारी व्यवस्थेची आहे.