यंत्राची चूक कुणाच्या पदरी?

अमेरिकेच्या आयोवा राज्यातील वॉटर्लू येथे २०११ साली एक वृद्ध स्त्री कॅसिनोत एका सेंटच्या स्लॉट यंत्रावर खेळत होती. पडद्यावर ४ कोटी १७ लाख ९७ हजार डॉलरचा बोनस झळकला. कॅसिनोने देऊ केले १ डॉलर ८५ सेंट. प्रकरण आयोवाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले व २०१५ मध्ये निकाल कॅसिनोच्या बाजूने लागला. खेळाचे नियम हाच उभयतांतील करार, त्यात असा बोनस नाही, सबब तो देय नाही. बाईंनी ते नियम वाचलेच नव्हते. पण त्याला न्यायालयाने महत्त्व दिले नाही.

कायद्याच्या काट्यावर हा निकाल बिनतोड म्हणावा लागेल. सेंटाच्या यंत्रातून चार कोटी निघावेत ही अपेक्षाही भाबडीच. तथापि असे चुकीचे बोनस दिसू शकतात, अशी सूचना यंत्राच्या निर्मात्याने आदल्याच वर्षी, २०१० मध्ये, दिली होती. धोका यजमानाच्या धंद्याला ठाऊक होता, पाहुण्याला नव्हता. शिवाय यंत्राची चूक खेळाडूच्या लाभाची असली, की ती तत्काळ उघडकीस येते, कारण पैसे मोजण्याची वेळ येते. तीच चूक त्याच्या तोट्याची असेल तर? खेळाडू दैवाला बोल लावून उठतो, आणि तपास कोणीच करीत नाही.

खेळाडू-कार्डाची कथा याहून वेगळी नाही. हे कार्ड यंत्रात घातले, की किती पैसे लावले याची नोंद कॅसिनोकडे जमा होते. मोबदल्यात गुण किंवा एखादे फुकटचे जेवण मिळते. पण कार्ड कुणाचे, पैसे कुणाचे, यावर बक्षीस ठरत नाही. फ्लोरिडात २०१७ मध्ये पैसे एका गृहस्थाने घातले, बटण त्याच्या मैत्रिणीने दाबले, आणि एक लाख डॉलरचे बक्षीस तिला मिळाले. बटण दाबणारा तो विजेता, हा कॅसिनोचा नियम. असे नियम बहुधा तंटा झाल्यावरच माणसाला कळतात!

ब्रिटनमधील न्यायालयांनी अलीकडे निराळी वाट धरली आहे. ऑनलाइन खेळात जिंकलेले सतरा लाख पौंड ‘तांत्रिक दोष’ म्हणून नाकारणाऱ्या कंपनीविरुद्ध २०२१ मध्ये, आणि दहा लाखांहून अधिक पौंडांचे बक्षीस दाखवून वीस हजारांवर बोळवण करणाऱ्या दुसऱ्या कंपनीविरुद्ध २०२५ मध्ये, उच्च न्यायालयाने निकाल दिले. दोष झाकणारी कलमे संदिग्ध असतील, खेळाडूच्या नजरेस नीट आणलेली नसतील, तर त्यांचा आधार कंपनीला घेता येणार नाही, हा त्यांचा रोख. अर्थात तेथे २००५ च्या कायद्याने असे दावे लावण्याची मुभाच दिली होती.

आपल्याकडे १८७२ च्या करार कायद्याचे कलम ३० अद्याप उभे आहे: पैजेचा करार शून्य, आणि पैजेत जिंकलेल्या रकमेसाठी दावा नाही. गोव्याने मात्र १९९२ पासून पंचतारांकित हॉटेलांत अशी यंत्रे व पुढे १९९६ पासून जहाजांवरील जुगार कायदेशीर केला. मुंबई-पुण्याहून तेथे जाणाऱ्या खेळाडूला पडद्यावरचा आकडा नाकारला गेला, तर त्याने कुणाचे दार ठोठावायचे? नेवाडा राज्यात पाचशे डॉलर वा त्याहून मोठा तंटा होताच कॅसिनोने नियामक मंडळाला कळवलेच पाहिजे. तपास मंडळाचा माणूस करतो. गोवा सरकार परवाना शुल्क घेते. तंटा उठताच यंत्राला सील ठोकून त्यातील नोंद ताब्यात घेणारा, कॅसिनोचा मिंधा नसलेला अधिकारी नेमणे हेही मग त्याच सरकारचे काम ठरते.