हात धुवायला वेळ कोठून आणायचा?

ऑक्टोबर 2023 च्या आरंभी नांदेडच्या शासकीय रुग्णालयात 24 तासांत 24 रुग्ण दगावल्याचे वृत्त आले. त्यांत 12 नवजात अर्भके होती. राज्य हादरले. मग एक खासदार महाशय रुग्णालयात पोहोचले आणि त्यांनी अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन त्यांच्याकडून घाण शौचालय साफ करून घेतले. त्याची छायाचित्रे सर्वत्र पोहोचली. शौचालय घाण होते हे खरेच. पण ते रोज साफ करणाऱ्यांची किती पदे मंजूर होती आणि त्यांतील किती रिकामी होती, हा प्रश्न छायाचित्रात मावणारा नव्हता. ते मृत्यू संसर्गाने झाले असे आम्ही म्हणत नाही. रुग्णालयातील घाणीचा दोष एखाद्या माणसाच्या गळ्यात बांधला की शासनाचे कर्तव्य संपले, ही वृत्ती त्या प्रसंगात उघडी पडली, म्हणून त्याची आठवण दिली. अधिष्ठात्यांवर अशी वेळ क्वचित येते. परिचारिकेवर ती रोज येते.

रुग्णालयात दाखल होताना नसलेला आणि तेथील मुक्कामात जडलेला रोग म्हणजे रुग्णालयजन्य संसर्ग. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या अहवालानुसार तातडीच्या उपचारांसाठी दाखल झालेल्या दर 100 रुग्णांपैकी श्रीमंत देशांत 7 जणांना, तर गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत 15 जणांना असा संसर्ग होतो. आणि संसर्ग झालेल्या दर दहांतील एक दगावतो. रोगजंतू श्रीमंत-गरीब असा भेद करीत नाहीत, असे म्हणण्याचा प्रघात आहे. हे आकडे पाहता ते चांगलाच भेद करतात! लघवीची नळी, शिरेत खोचलेली सुई, श्वसनयंत्राची नळी, शस्त्रक्रियेची जखम ही त्यांची प्रवेशद्वारे. आणि एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जाण्याचे त्यांचे मोठे वाहन म्हणजे माणसाचे हात.

म्हणून हात स्वच्छ ठेवण्याचा आग्रह शास्त्रशुद्धच आहे, त्याबद्दल आमची तक्रार नाही. रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी, निर्जंतुक काम करण्यापूर्वी, रक्त वा अन्य स्रावांशी संबंध आल्यावर, रुग्णाला स्पर्श केल्यानंतर आणि त्याच्या खाटेभोवतीच्या वस्तूंना हात लागल्यावर, अशा पाच वेळा याच संघटनेने ठरवून दिल्या आहेत. अल्कोहोलचे द्रावण चोळायचे तर 20 ते 30 सेकंद, साबण-पाणी वापरायचे तर 40 ते 60 सेकंद. त्याची चित्रे वॉर्डाच्या भिंतीवर लावलेली असतात. आता त्या चित्राखाली उभ्या असलेल्या बाईचा हिशेब करू या. रात्रपाळी, 40 रुग्ण, एक अधिपरिचारिका. ज्याने नातेवाइकासाठी सरकारी रुग्णालयात रात्र काढली आहे त्याला हे दृश्य नवे नाही. प्रत्येक रुग्णाजवळ तिला रात्रीतून सहा वेळा जावे लागते असे धरू. एकाच्या नंतरचे आणि दुसऱ्याच्या आधीचे हात धुणे एकच मानू. तरी 240 वेळा हात स्वच्छ करावे लागतील. प्रत्येक वेळी अर्धा मिनिट, म्हणजे दोन तास. आणि साबण-पाणी वापरायचे तर तीन-चार तास. उरलेल्या वेळात इंजेक्शने, सलाईन, ड्रेसिंग, नोंदवह्या, नवे दाखले, आणि एखादा रुग्ण अत्यवस्थ झाला तर धावाधाव. त्यात नळाला पाणी नसेल, तर हिशेबच मिटला.

भारतीय परिचर्या परिषदेचा निकष काय सांगतो? वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि सामान्य रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका. ही संख्या तीन पाळ्यांत वाटली, तर एका पाळीत एकीच्या वाट्याला नऊ किंवा पंधरा रुग्ण येतात. पंधरा रुग्ण असले, तर वरील हिशेबाने पाऊण तास लागतो. पाऊण तास कोणतीही परिचारिका आनंदाने देईल. दोन तास देणे तिच्या हाती नाही. संसर्ग-नियंत्रणाचा पहिला प्रश्न भरतीचा आहे, तो असा.

हे नवे ज्ञान नव्हे. क्रिमियाच्या युद्धात स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात फ्लॉरेन्स नाइटिंगेल 1854 च्या अखेरीस पोहोचल्या. तेथे पहिल्या हिवाळ्यात मृत्यूंचे प्रमाण कमी झाले नाही. ते भयानक वाढले. 1855 च्या वसंतात सरकारी स्वच्छता आयोगाने इमारतीखालची गटारे उपसली, हवा खेळती केली, आणि मग ते प्रमाण झपाट्याने उतरले. नाइटिंगेलबाईंनी पुढे आकडेवारी मांडून आयुष्यभर सांडपाणी, हवा आणि इमारतींची रचना यांसाठी सत्तेशी भांडण केले. आपण मात्र शाळेच्या पुस्तकात त्यांच्या हातातला दिवा ठेवला आणि गटारे वगळली.

दुसरी कथा व्हिएन्नाची. तेथील प्रसूतिगृहात डॉक्टर व विद्यार्थी ज्या विभागात काम करीत, तेथे बाळंतज्वराने मरणाऱ्या माता सुईणींच्या विभागापेक्षा कितीतरी अधिक होत्या. शवविच्छेदन करून आलेले डॉक्टरांचे हात याला कारण आहेत, हे सेमेलवाइसने ओळखले, आणि 1847 मध्ये क्लोरिनच्या चुन्याने हात धुण्याची सक्ती करताच मृत्यू घटले. त्याच्या वरिष्ठांना हे रुचले नाही. आजही फेरीला आलेल्या वरिष्ठ सर्जनला "सर, हात" असे म्हणण्याची प्राज्ञा किती परिचारिकांची आहे? उपदेश उतरंडीवरून खाली येतो, वर जात नाही. जंतू मात्र दोन्ही दिशांनी जातात.

उतरंडीच्या तळाशी कंत्राटी सफाई कामगार आणि आया आहेत. सुई टोचल्यास एचआयव्ही-प्रतिबंधक औषध शक्य तितक्या लवकर, फार तर 72 तासांच्या आत सुरू व्हावे लागते. 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने ते पुरवण्याची व सार्वत्रिक दक्षतेच्या साधनांची जबाबदारी आस्थापनेवर टाकली आहे. जैव-वैद्यकीय कचऱ्याच्या 2016 च्या नियमांनी कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला कावीळ-ब व धनुर्वाताची लस देणे बंधनकारक केले आहे. कागदावर पिवळी, लाल, पांढरी, निळी अशी सारी पात्रे रांगेत उभी आहेत. पण दर काही महिन्यांनी कंत्राटदार बदलतो, कामगार बदलतो, आणि तीन मात्रांची लस एका मात्रेवर थांबते. मे 2022 मध्ये बाह्यस्रोतांतून परिचारिका भरण्याच्या धोरणाविरुद्ध राज्यातील शासकीय परिचारिका संपावर गेल्या, तेव्हा रुग्णांना वेठीस धरल्याची ओरड झाली. कक्षाची घडी ठाऊक नसलेली तात्पुरती माणसे नेमणे हे रुग्णांना वेठीस धरणे नव्हे काय?

त्यागाची पूजा करणे आपल्याला फार सोपे जाते. 1897 साली पुण्याच्या प्लेगमध्ये रुग्णसेवा करताना सावित्रीबाई फुले यांनी प्राण दिला. तो समर्पणाचा इतिहास आम्हांला वंदनीय आहे. पण त्याचे भांडवल करून शासनाने सव्वाशे वर्षांनंतर परिचारिकांकडे तसल्याच मरणाची अपेक्षा धरावी, हे निलाजरेपणाचे आहे. मार्च 2020 मध्ये थाळ्या वाजल्या, मे महिन्यात हेलिकॉप्टरमधून रुग्णालयांवर फुले पडली. आणि त्याच काळात मुंबईत परिचारिका मुखपट्ट्या व संरक्षक पोशाख मागत होत्या. संसर्ग टळला नाही की त्याची किंमत शेवटी रुग्णाच्या घरी पोहोचते: वाढलेला मुक्काम, बुडालेली मजुरी, आणि बाहेरून आणायला सांगितलेल्या महागड्या प्रतिजैविकांची चिठ्ठी.

पक्षाच्या कार्यकर्त्यांनी आपापल्या तालुक्यातील ग्रामीण वा उपजिल्हा रुग्णालयाची माहिती अर्ज करून मागवावी. अधिपरिचारिका व सफाई कामगार यांची मंजूर आणि भरलेली पदे, गेल्या महिन्यातील रात्रपाळीची नेमणूकपत्रके, हातमोजे व हात स्वच्छ करण्याच्या द्रावणाची खरेदी, कंत्राटी कामगारांच्या लसीकरणाची नोंद, एवढी चार कागदपत्रे पुरेत. प्रत्येक वॉर्डातील नळ मात्र स्वतः सोडून पाहावा. आणि या कामात कोणत्याही सिस्टरचे नाव अर्जात वा भाषणात येऊ देऊ नये. कारणे दाखवा नोटीस सर्वांत आधी तिलाच मिळते.