माजलगावच्या ओव्या कोण ऐकतं?

‘चांगले मराठी चॅनेल सुचवा’ असा निरोप परदेशातल्या आपल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर आला की उत्तरं बहुतेक ठरलेली असतात. 2016 पासून चालत आलेली ‘भाडिपा’, बार्शीच्या पोरांची ‘खास रे टीव्ही’, नगरजवळच्या सारोळा कासारच्या सुमन धामणे यांची ‘आपली आजी’. ही नावं चुकीची नाहीत. आजींचा स्वयंपाकातला हात आणि त्यांची बोली दोन्ही अस्सल आहेत. पण त्यांना लाखो प्रेक्षक आधीच आहेत आणि आपण दोन मराठी व्हिडिओ पाहिले की तिसरा म्हणून यूट्यूब स्वतःच त्यांना आपल्यासमोर आणून ठेवतं. जे यंत्र आपणहून दाखवतं ते माणसाने पुन्हा सुचवण्यात काय हशील? शिफारस करायची तर जे आपणहून समोर येणार नाही त्याची करावी. तशी यादी मी एकाच जिल्ह्यातून, बीडमधून करणार आहे आणि निवडीसाठी एकच कसोटी लावणार आहे. व्हिडिओ किती जणांनी पाहिला हे बाजूला ठेवून तो कुणासाठी केला आहे, एवढंच विचारायचं. आपल्याच माणसांसाठी, आपल्याच कामाच्या ओघात जे बोललं किंवा गायलं जातं, त्यात भाषा पूर्ण ताकदीने वावरते. सगळ्या महाराष्ट्राला आणि वर परदेशालाही कळावं म्हणून बेतलेल्या विनोदात ती पातळ होते. भाषेपासून दूर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना आणि आपल्या मुलांना पहिल्या प्रकारची गरज जास्त आहे, असं माझं म्हणणं आहे.

बीडच का, तर या जिल्ह्यावर पडद्याने जितका अन्याय केला तितका क्वचितच कुणावर केला असेल. आज ‘बीड’ असं टाइप केलं की काय येतं? डिसेंबर 2024 मध्ये मस्साजोगच्या सरपंचांची निर्घृण हत्या झाली, तेव्हापासून त्या प्रकरणाच्या चर्चा, पिस्तुलं मिरवणाऱ्या पोरांच्या रील आणि पुढाऱ्यांची भाषणं. उन्हाळा असला तर कोरडे हंडे, दिवाळीनंतर उसाच्या फडाकडे निघालेल्या गाड्या. यातलं खोटं काहीच नाही आणि गुन्हेगारीवर बोललंच पाहिजे. पण अंबाजोगाईत मुकुंदराज आणि कापडाच्या पासोडीवर ग्रंथ लिहिणारे दासोपंत ज्या जिल्ह्यात होऊन गेले, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे जिथून ऑलिंपिकपर्यंत धावत गेला, त्या जिल्ह्याला स्वतःचा आवाजच नाही, असा समज या चित्रातून होतो. आवाज आहे. तो शोधायला दोन पानं खाली जावं लागतं, इतकंच.

सगळ्यात आधी माजलगाव. गी पॉइतवॅं हे मूळचे फ्रेंच, पुण्यात स्थायिक झालेले अभ्यासक आणि त्यांच्या सहकारी हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. पुढे बर्नार्ड बेल या संगीतशास्त्रज्ञाने त्यांचं ध्वनिमुद्रण केलं. हजाराहून जास्त गावं, तीन हजारांहून जास्त बायका आणि लाखाहून अधिक ओव्या असा हा संग्रह आहे. तोवर गावात पिठाच्या गिरण्या आल्या होत्या, जाती कोपऱ्यात गेली होती आणि ओव्या फक्त बायकांच्या आठवणीत उरल्या होत्या. 1996 साली ही मंडळी माजलगावच्या भीमनगर वस्तीत पोचली. तिथे राधाबाई बोऱ्हाडे, वाल्हाबाई टाकणखार आणि त्यांच्या सोबतिणी गायल्या. पॉइतवॅं 2004 मध्ये गेले, राईरकर 2010 मध्ये. पी. साईनाथ यांनी 2014 च्या अखेरीस सुरू केलेल्या ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ने, म्हणजे ‘पारी’ने, हा ठेवा पुढे स्वीकारला आणि 8 मार्च 2017 पासून तो लोकांसमोर आणायला सुरुवात केली. त्याच वर्षी पारीची मंडळी पुन्हा माजलगावला गेली आणि त्या बायकांना गाताना चित्रित केलं. ओव्यांचे शब्द, गाणारीचं नाव, गाव, ध्वनिमुद्रण आणि चित्रफीत हे सगळं आज फुकट उपलब्ध आहे.

ओवी म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांच्या मनात माहेर, भाऊबीज, पंढरीची वाट असं काहीतरी येतं. भीमनगरच्या ओव्यांत बाबासाहेब आहेत. त्यांच्याविषयी या बायका घरातल्या माणसाविषयी बोलावं तशा गातात. रमाई आहे, शिकण्याची हाक आहे, बुद्धाचा धम्म आहे. हे कधी गायलं गेलं ते लक्षात घेतल्याशिवाय याचं वजन कळत नाही. 1948 पर्यंत निजामाच्या अमलाखाली असलेला हा मुलूख. 1978 साली मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले. नामविस्तार व्हायला 14 जानेवारी 1994 उजाडलं. त्यानंतर दोनच वर्षांनी भीमनगरच्या बायका ध्वनिमुद्रण यंत्रासमोर बसल्या होत्या. त्यांनी दळताना, मजुरीला जाताना, एकमेकींकडून उचलत आणि बदलत आपला इतिहास बांधून ठेवला होता. शाळेत न गेलेल्या बाईने केलेलं हे इतिहासलेखन आहे, असं मी विचार करूनच म्हणतो. नामांतराच्या लढ्यावर पुस्तकं बरीच आहेत. त्या काळात त्या वस्तीतल्या बाईच्या मनात काय चाललं होतं, हे तिच्याच तोंडून सांगणारी साधनं फार थोडी.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा, की या बायका व्हिडिओ करणाऱ्या नाहीत. कॅमेरा दुसऱ्यांचा, संकेतस्थळ दुसऱ्यांचं, त्यांनी फक्त गायलं. आक्षेप वरवर बरोबर वाटतो. पण कॅमेरा कुणी धरला यावर कर्तेपण ठरवलं, तर एकाही नटाला चित्रपटाचं श्रेय देता येणार नाही. ओवी ज्या बाईने जुळवली, चालीत बसवली आणि वीस वर्षांनंतर पुन्हा आठवून गायली, ती तिची कर्ती आहे. उलट या संग्रहाने पाळलेली शिस्त बघा. ओवीपाठोपाठ गाणारीचं नाव आणि गाव येतं. दुसऱ्याचं गाणं बिनदिक्कत उचलून त्यावर ओठ हलवणाऱ्यांना आपण ‘क्रिएटर’ म्हणतो आणि माजलगावच्या बाईपाशी येऊन थबकतो, हे मला पटत नाही. आणखी एक गोष्ट. 29 जून 2020 रोजी भारत सरकारने टिकटॉकसह 59 अ‍ॅपवर बंदी घातली आणि मराठवाड्यातल्या कितीतरी खेड्यांतल्या पोरापोरींनी केलेले व्हिडिओ त्यांच्याच प्रेक्षकांना एका रात्रीत दिसेनासे झाले. 1996 च्या ओव्या मात्र ऐकू येतात, कारण त्या कुणीतरी वर्षानुवर्षं जपल्या.

दुसरी शिफारस नावाची नाही, प्रकाराची आहे. बीड जिल्ह्यात अखंड हरिनाम सप्ताहांना तोटा नाही. भगवानबाबांनी सुरू केलेल्या नारळी सप्ताहापासून वाडीवस्तीवरच्या छोट्या सप्ताहापर्यंत, सगळीकडे गावातलाच लग्नाचं शूटिंग करणारा फोटो स्टुडिओवाला कॅमेरा लावतो आणि दोन तासांचं कीर्तन अख्खंच्या अख्खं यूट्यूबवर चढवतो. त्याचं श्रेय म्हणजे खाली सरकणाऱ्या पट्टीतला स्टुडिओचा पत्ता. याच कीर्तनांतून कुणीतरी नंतर चाळीस सेकंदांचा विनोद कापतो आणि तो तुकडा लाखो लोक पाहतात. तुकडा पाहू नका. दोन तासांत काय होतं ते पाहा. विणेकरी उभा राहतो, टाळकरी रांगेत, मृदंग हळूहळू चढत जातो, एकच अभंग घेऊन महाराज त्याचा एकेक चरण उलगडतात आणि मध्येच समोरच्या एखाद्या शेतकऱ्याला कापसाच्या भावावरून टोला मारतात. तो विनोद त्या जागी औषधासारखा असतो. कापून काढला की नुसता टवाळपणा उरतो. सगळेच कीर्तनकार चांगले असतात असं नाही. बायकांविषयी सवंग बोलणारे आहेत, अंधश्रद्धा पसरवणारेही आहेत. पण निवड प्रेक्षकाने करायची असते आणि तुकड्यावरून ती करता येत नाही.

तिसरी शिफारस ऐकून काही जण हसतील, कारण ती आमिर खानच्या संस्थेची आहे. पाणी फाउंडेशनला उपेक्षित कोण म्हणेल? संस्थेला कुणीच म्हणणार नाही, तिच्या प्रशिक्षणपटांना मात्र म्हणावं लागेल. 2016 च्या पहिल्या ‘वॉटर कप’ या गावागावांतल्या जलसंधारणाच्या स्पर्धेसाठी जे तीन तालुके निवडले त्यांत वरुड आणि कोरेगावबरोबर अंबाजोगाई होता. त्या स्पर्धेसाठी गावकऱ्यांना शिकवायला केलेल्या फिती अजून आहेत. समतल रेषा कशी आखायची, सलग समतल चर कुठे खणायचे, दगडी बांध कसा रचायचा, पाणी माथ्यावरून पायथ्याकडे अडवत का यायचं. पाणलोटाचं शास्त्र इतक्या स्वच्छ, कामाच्या मराठीत क्वचितच सापडतं. ज्यांना वाटतं की विज्ञान मराठीत सांगता येत नाही, त्यांनी यांतली एक फीत पाहावी आणि मग बोलावं. या स्पर्धेने दुष्काळ हटला का, हा वेगळा वाद आहे आणि त्यात संस्थेच्या टीकाकारांच्या बाजूनेही सांगण्यासारखं बरंच आहे.

सगळ्यात अवघड प्रश्न ऊसतोड्यांच्या व्हिडिओंचा. दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे बीडमधली लाखो माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. नवराबायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, कामावर न गेलेल्या दिवसाचा खाडा, पाचटाची कोपी, म्हणजे झोपडी. 2019 साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर सुमारे 82 हजार ऊसतोड महिलांची पाहणी आली आणि त्यांतल्या 13 हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढल्याचं दिसलं. एवढा मोठा आकडा वाचून माणूस सुन्न होतो आणि पुढे जातो. 2016 नंतर डेटा स्वस्त झाल्यावर फडातली पोरं स्वतःच मोबाइल लावू लागली. पहाटेच्या अंधारात तोड, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रॅक्टरवर चढणारी बाई, वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकण्याची घासाघीस, कोपीसमोरचा स्वयंपाक. त्यावर बहुतेक वेळा एखादं ढणढणतं गाणं असतं.

इथे आक्षेप रास्त आहे: परदेशात सोफ्यावर बसून दुसऱ्याचे कष्ट बघायचे, ही करमणूक झाली. काही व्हिडिओंच्या बाबतीत हे अगदी खरं आहे. शहरातून कुणी माइक घेऊन फडात जातो, बाईला रडेपर्यंत प्रश्न विचारतो आणि मागे करुण बासरी लावतो. तसले व्हिडिओ मी सुचवणार नाही. कसोटी तीच, व्हिडिओ कुणासाठी केला आहे. फडातल्या पोराने आपल्या गावच्या, दुसऱ्या कारखान्यावर गेलेल्या मित्रांसाठी केलेल्या व्हिडिओत दयेची याचना नसते. आमची टोळी तुमच्यापेक्षा किती लवकर गाडी भरते, ही फुशारकी असते, मुकादमाची टिंगल असते, एखाद्या वेळी भावाचं आणि वजनाचं कडक गणितही असतं. कष्टकऱ्याला स्वतःविषयी बढाई मारू देणं हेही त्याचा मान ठेवणंच आहे. शिवाय आपण पितो त्या चहातल्या साखरेमागे कोण आहे, हे मुलांना सांगायला याहून सरळ साधन नाही.

राहिला भाषेचा प्रश्न. ‘मुलांना प्रमाण मराठीच धड येत नाही, त्यात “काय करायलास” आणि “आलतो, गेलतो” ऐकवून गोंधळ कशाला?’ असं मंडळांच्या मराठी शाळांतले काही शिक्षक म्हणतील. पण आपली मुलं रोज चार तऱ्हांची इंग्रजी ऐकतात आणि गोंधळत नाहीत. प्रमाण भाषा शिकवायचीच, लिहायला ती लागतेच. मात्र एका शहराचीच बोली कानावर पडत राहिली, तर मुलाला पुढे महाराष्ट्रात फिरताना अर्ध्या माणसांचं बोलणं परकं वाटेल आणि त्याहून वाईट म्हणजे हास्यास्पद वाटेल. मराठवाड्याची बोली आपल्या विनोदी कार्यक्रमांत नोकराच्या किंवा अडाण्याच्या तोंडी घालण्याची जुनी खोड आहे. ती मोडायची तर त्या बोलीत पाणलोट समजावणारा, इतिहास गाणारी आणि अभंगाचा अर्थ सांगणारा माणूस मुलांनी पाहायला हवा. ओव्यांच्या बाबतीत सोयही आहे, कारण पारीवर त्यांचे मराठी शब्द आणि इंग्रजी भाषांतर दोन्ही मिळतं. ज्या मुलाला देवनागरी सावकाश वाचता येते त्यालाही गाण्याबरोबर डोळा फिरवता येतो. मुलं कंटाळतील, हे मात्र मान्य करतो. दोन तासांचं कीर्तन दहा वर्षांच्या मुलापुढे लावू नये. तीन मिनिटांची ओवी लावावी.

आपल्या पाहण्याने तिकडे काही फरक पडतो का? पडतो. यूट्यूबवर जाहिरातीचा वाटा मिळवण्याची रूढ अट म्हणजे 1,000 सदस्य आणि वर्षभरात 4,000 तासांचं पाहणं. सप्ताहाचं कीर्तन चढवणाऱ्या छोट्या स्टुडिओला हे तास जुळवणं जड जातं. दोन तासांचं कीर्तन पन्नास घरांनी पूर्ण पाहिलं की शंभर तास होतात. त्यातही अमेरिका-युरोपातल्या प्रेक्षकाला दाखवलेल्या जाहिरातीचा दर सहसा भारतातल्या दरापेक्षा जास्त असतो. पारी जाहिरातींवर चालत नाही, देणग्यांवर चालते. तिथे पाहण्याबरोबर वर्गणीही देता येईल.

आणि एक सूचना थेट कार्यकारिणीला. आपल्या वर्षाच्या कार्यक्रमपत्रिकेत गणपती आहे, दिवाळी आहे, संक्रांतीचं हळदीकुंकू आहे. 14 एप्रिल, म्हणजे आंबेडकर जयंती, बहुतेक मंडळांच्या पत्रिकेत नसते आणि ती का नसते, यावर कधी मोकळी चर्चाही होत नाही. येत्या 14 एप्रिलच्या जवळचा शनिवार ठरवावा, सभागृहाचा पडदा लावावा, ओव्यांचे शब्द छापून प्रत्येक खुर्चीवर ठेवावेत आणि भीमनगरच्या राधाबाई आणि वाल्हाबाईंची गाणी अर्धा तास ऐकावीत. खर्च फक्त सभागृहाच्या भाड्याचा आहे.