सोन्याच्या बक्कलाची साक्ष

इंग्लंडच्या सफोक परगण्यात, सटन हू येथे, १९३९ साली एका टेकाडाखाली सातव्या शतकाच्या प्रारंभीचे नौकादफन सापडले. नौकेचे लाकूड मातीत विरून गेले होते. तरीही उत्खनक बेसिल ब्राउन यांनी लोखंडी रिव्हेट जागच्या जागी राखले आणि नौकेचा आकार मातीवर उमटलेला जगाला दिसला. त्या ऐवजात कमरपट्ट्याचे एक सोन्याचे बक्कल होते. ते आज ब्रिटिश संग्रहालयात आहे.

केवळ डोळे दिपवणारी वस्तू म्हणून ते पाहिले असते, तर त्याची कथा तेथेच संपली असती. परीक्षणाने ते बोलके झाले. वजन सुमारे ४१३ ग्रॅम, लांबी सुमारे १३ सेंटिमीटर. वरून भरीव भासणारे हे बक्कल आतून पोकळ आहे. पाठीमागचे झाकण बिजागरीवर उघडते आणि तीन सरकत्या खिळींनी बंद होते. पृष्ठभागावरील एकमेकांत गुंतलेल्या वळणांतून तेरा प्राणी उकलता येतात. नक्षीतील काळी रेषा रंगाची नाही. तो नायेलो, म्हणजे रुप्याच्या सल्फाइडचा भराव आहे.

याच ऐवजातील खांद्याच्या बंधांवर तामडा, म्हणजे गार्नेटचे, पातळ तुकडे बसवलेले आहेत. त्यांखाली नक्षीदार सुवर्णपत्रा घातलेला असल्याने प्रकाश परतून खडा उजळतो. त्या काळच्या पश्चिम युरोपात ही कला बहरली होती. फ्रान्समधील मेरोविंगियन दागिन्यांतील खड्यांचे परीक्षण लूव्र संग्रहालयाखालील कणत्वरकाच्या साहाय्याने झाले, तेव्हा त्यांतील बरेचसे भारत व श्रीलंका येथून गेल्याचे दिसून आले. मात्र सहाव्या शतकाच्या अखेरीपासून त्यांची जागा युरोपातील खडे घेऊ लागले, हेही त्याच परीक्षणाने सांगितले. पहिला निष्कर्ष आनंदाने मिरवायचा आणि दुसरा झाकून ठेवायचा, हे सत्यनिष्ठेला शोभणारे नाही. पुराव्याने दिलेला अभिमानच टिकतो.

आपल्याकडे काय घडते? अहिल्यानगर जिल्ह्यातील दायमाबाद येथे १९७४ साली रथ, हत्ती, गेंडा व रेडा अशा चार अप्रतिम धातुमूर्ती मिळाल्या. एकूण वजन ६० किलोंहून अधिक. पण त्या शास्त्रीय उत्खननात नव्हे, योगायोगाने मिळाल्या. काही संशोधकांनी त्यांना उत्तर-हडप्पा काळात ठेवले, तर धातूतील आर्सेनिकच्या प्रमाणावरून इतरांनी शंका घेतली. धातूचे परीक्षण प्रयोगशाळेत केव्हाही करता येते. मातीच्या थराची साक्ष एकदा गेली की ती परत येत नाही.

म्हणून कर्तव्य केवळ तज्ज्ञांचे नाही. नांगराच्या फाळाला किंवा विहीर खणताना काही लागले, तर ते चिंचेने घासून लखलखीत करण्याचा मोह टाळावा. त्या मळातच वस्तूचे वय आणि वापर यांच्या खुणा दडलेल्या असतात. वस्तू आहे तेथेच ठेवून जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे; असे कळवणे १८७८ चा निखात निधी कायदाही अपेक्षितो. पूर्वजांच्या वैभवाची स्तुतिस्तोत्रे पुष्कळ झाली. आता त्या वैभवाची नोंद, वजन आणि चिकित्सा करण्याची शिस्त अंगी बाणवू या. तीच त्यांची खरी पूजा.